मुक्त आज्ञावली, मोडी कागद आणि निर्वेतन लेखनसेवा

(१) विषयप्रवेश

जुन्या कागदांचा संग्रह करणारास वाळवी, ओल आणि वारसांची उदासीनता हे तीन शत्रु पूर्वीपासून परिचित आहेत. गेल्या चाळीस वर्षांत त्यांत एका चवथ्या शत्रूची भर पडली आहे. कागदाची नक्कल संगणकावर उतरून ठेवावी, ती ज्या अक्षरसंचांत उतरली तो अक्षरसंच कांहीं वर्षांनीं बाजारांतून नाहींसा व्हावा, आणि मग नक्कल डोळ्यांसमोर असूनहि वाचतां येऊं नये, असा हा प्रकार आहे. वाळवी निदान भोंकें पाडून आपली साक्ष ठेवते. हा शत्रु तीहि ठेवीत नाहीं.

या शत्रूचा प्रतिकार ज्यांनीं केला, त्यांतील पुष्कळ मंडळींस त्या कामाबद्दल वेतन मिळत नव्हतें. आपला चरितार्थ दुसऱ्या उद्योगावर चालवून, फावल्या वेळीं, बहुधा एकमेकांचें तोंडहि न पाहतां, त्यांनीं हें काम केलें व आजहि करीत आहेत. त्यांच्या कार्यास ‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्तस्रोत, किंवा मुक्त आज्ञावलीचें कार्य असें म्हणतात. हें कार्य आमच्या पोथ्या उतरणारांच्या व इतिहाससंशोधकांच्या परंपरेशीं सजातीय आहे, आणि मराठीपुरतें पाहतां त्याचा पुढील टप्पा आज्ञा लिहिणारांच्या नव्हे, तर मोडी वाचणारांच्या हातीं आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) मुक्त आज्ञावलीचें स्वरूप

संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांच्या समूहास आज्ञावली अथवा सॉफ्टवेअर म्हणतात. मनुष्य ती ज्या रूपांत लिहितो तें तिचें मूळ रूप होय. यंत्रास कळण्याकरितां तिचें अंकमय रूपांतर होतें तें दुसरें. विकत मिळणाऱ्या आज्ञावलीचें बहुधा हें दुसरें रूपच गिऱ्हाइकाच्या हातीं पडतें. त्याचा उपयोग करतां येतो. परंतु तें वाचतां येत नाहीं, त्यांतील दोष सुधारतां येत नाहीं, आणि शेजाऱ्यास नक्कल देण्याचीहि परवानगी नसते. अस्सल सनद कोणाच्या तरी पेटींत बंद, आणि रयतेस केवळ तिचा अंमल ठाऊक, अशी ही स्थिति आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं ‘ग्नू’ नांवाच्या मुक्त प्रणालीची घोषणा करून या स्थितीस आव्हान दिलें. १९८९ सालीं त्यांनीं ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्याची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली. तिचें मर्म थोडक्यांत असें कीं, आज्ञावली कोणींहि वापरावी, मूळ रूपांत अभ्यासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी. मात्र सुधारलेली प्रत जो दुसऱ्यास देईल, त्यानें आपणांस मिळालेले सर्व अधिकार त्या दुसऱ्यासहि दिले पाहिजेत. १९९१ सालीं हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस तोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ या प्रणालीचें बीज जगापुढें ठेवलें, आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनीं त्याचा वृक्ष केला. ‘ओपन सोर्स’ हें नांव त्यानंतरचें, १९९८ सालचें. भारतांत या विचाराची संस्था २००१ सालीं तिरुवनंतपुरम् येथें स्थापन झाली.

कामाची रीत साधी आहे. कोणी वापरतां वापरतां आढळलेला दोष कळवितो. कोणी तो दुरुस्त करणारें टिपण पाठवितो. त्या आज्ञावलीचा पालक तें तपासून स्वीकारतो किंवा कारण देऊन परत करतो. कोणी आज्ञा लिहीत नाहीं, परंतु माहितीपत्रक लिहितो, भाषांतर करतो किंवा अक्षरांचीं वळणें घडवितो. हें सर्व साहाय्य एकाच पंक्तीचें समजलें जातें.

(३) पोथीचा धर्म

संस्कृत पोथ्यांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ही रीत अपरिचित वाटूं नये. पोथी उतरणारा आपल्यापुढील प्रतींत गळलेलें अक्षर काकपदाची खूण करून समासांत भरीत असे. शेवटीं पुष्पिकेंत आपलें नांव, गांव, शक व तिथि नोंदवून, जशी प्रति पाहिली तशी लिहिली, असें निवेदन करीत असे. पुढचा लिपिकार तीच प्रति घेऊन आणखी एक प्रति करी. ग्रंथ जगला तो या साखळीमुळें. ज्या ग्रंथाच्या स्वामीनें नक्कल करूं दिली नाहीं, त्याचा ग्रंथ त्याच्या घराच्या छपराबरोबर गेला.

जुन्या लिपिकारांची एक रीत मात्र संशोधकास फार बाधली आहे. नको असलेल्या अक्षरांवर ते हरताळ लावीत. ‘हरताळ फासणें’ हा आपल्या भाषेंतील प्रयोग त्यावरूनच रूढ झाला. हरताळाखालीं काय होतें हें सांगणें बहुधा अशक्य होतें. तोर्वाल्ड्स यांनीं २००५ सालीं ‘गिट’ नांवाची आज्ञावली रचली, तिचा विशेष या संदर्भांत लक्ष्यांत घेण्यासारखा आहे. तिच्यांत प्रत्येक दुरुस्ती, करणाराचें नांव, दिवस, वेळ व कारण यांसह नोंदली जाते, आणि जुना पाठ नव्याखालीं शाबूत राहतो. दोघांनीं एकाच वेळीं दोन दिशांनीं बदल केले, तर दोन शाखा निर्माण होतात व पुढें त्यांचा मेळ घालतां येतो. चिकित्सक आवृत्तीचा संपादक हस्तलिखितांचा जो वंशवृक्ष अनुमानानें मागाहून काढतो, तो येथें काम चालूं असतांनाच आपोआप लिहिला जातो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं घालून दिलेल्या शिस्तीचें वैशिष्ट्य हें कीं, स्वीकारलेल्या पाठाखालीं टाकलेले पाठ छापले. संपादकाचा निर्णय ज्यास मान्य नसेल त्यास स्वतः पडताळा घेण्याची सोय ठेविली. मूळ उघडें ठेवणें म्हणजे काय, याचें याहून चांगलें उदाहरण दाखवितां येणार नाहीं. पुढें त्याच महाभारताची संहिता जपानांतील क्योटो येथील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनीं संगणकावर उतरली आणि केंब्रिजचे डॉ. जॉन स्मिथ यांनीं ती तपासून शुद्ध केली. आज एखादा शब्द महाभारतांत कोठें कोठें आला आहे हें भाईंदरांत बसून क्षणांत पाहतां येतें, तें या उदार श्रमांमुळें.

(४) देवनागरीचा संगणकप्रवेश

आतां प्रस्तुत विषयाच्या मराठी अंगाकडे वळूं. संगणकांत अक्षरें नसतात, अंक असतात. कोणता अंक म्हणजे कोणतें अक्षर हा केवळ संकेत आहे. भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ हा संकेत १९८८ सालीं ठरला व १९९१ सालीं तो राष्ट्रीय मानक झाला. परंतु छपाईच्या व्यवसायांत रूढी निराळीच पडली. अक्षरसंच विकणाऱ्या प्रत्येक संस्थेनें रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे आपापल्या क्रमानें बसविले. एका संस्थेचा ‘क’ ज्या अंकावर, त्याच अंकावर दुसरीची वेलांटी. परिणामीं, त्या काळीं उतरलेला मजकूर मूळ अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर उघडला तर रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. सांकेतिक पत्राची किल्ली हरवावी तसाच हा प्रसंग. भेद इतकाच कीं, पत्र लिहिणाराच्या मनांत कांहींहि लपविण्याचें नव्हतें. ज्या संग्राहकांनीं १९९० च्या दशकांत आपल्या दप्तरांच्या नकला अशा रीतीनें करून ठेविल्या असतील, त्यांनीं त्या आजच उघडून पाहाव्या.

यावरचा उपाय म्हणजे सर्व जगानें एक संकेत मानणें. तो ‘युनिकोड’ या नांवानें १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. परंतु संकेत म्हणजे केवळ यादी. ती कागदावरून उठून पडद्यावर येण्यास अक्षरसंच, जोडाक्षरें जुळविणारी आज्ञावली आणि कळफलक हीं तीनहि पाहिजेत. येथें मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांचा भाग मोठा आहे.

संस्कृतज्ञांची गरज प्रथम भागली. डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘टेक्’ या मुक्त मुद्रणप्रणालीसाठीं हॉलंडांतील ग्रोनिंगेन येथें फ्रान्स फेल्टहाउस यांनीं १९९१ सालीं देवनागरी अक्षरें व ती जुळविणारी आज्ञावली दिली. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ पद्धतीनें रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिण्याची सोय केली, आणि तिच्या साहाय्यानें स्वयंसेवकांनीं असंख्य स्तोत्रें व शास्त्रग्रंथ उतरून काढले.

मुंबईंत ‘इंडलिनक्स’ या नांवानें कांहीं मंडळींनीं लिनक्स प्रणाली भारतीय भाषांत आणण्याचा उद्योग मांडला. त्याच नगरींत, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रांत, सुप्रसिद्ध सुलेखनकार प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनीं ‘रघु’ हा देवनागरी अक्षरसंच घडविला व तो मुक्त परवान्याखालीं सर्वांस मिळाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेनें घडविलेले ‘लोहित’ अक्षरसंच २००४ सालीं रेड हॅट कंपनीच्या द्वारें मुक्त झाले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नांवांतील तांबड्या टोपीचा हा संस्कृत अनुवाद पाहून कोणाहि संस्कृत शिक्षकास कौतुक वाटेल. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं ‘मुक्त’ या अन्वर्थक नांवाचा सुंदर अक्षरसंच याच मार्गानें दिला आहे. यांतील कांहीं कामें वेतनी होतीं, कांहीं निर्वेतन; परंतु परवाना मुक्त असल्यामुळें प्रत्येकाच्या श्रमाचा उपयोग दुसऱ्यास झाला.

(५) मराठीचीं विशेष अक्षरें

देवनागरी म्हणजे हिंदी, अशी दूरस्थ तंत्रज्ञांची समजूत असणें स्वाभाविक आहे. मराठीचे विशेष त्यांस कोणी तरी दाखवून द्यावे लागतात. आचार्यास नमस्कार करावा व आचाऱ्यास दक्षिणा द्यावी, या वाक्यांतील दोन रकारांचा भेद पडद्यावर न दिसला तर पाठशाळा व मुदपाकखाना एकच होऊन बसतो. मराठी ‘ल’ व ‘श’ यांचें वळण हिंदीहून भिन्न आहे. तें चांगल्या अक्षरसंचांत मराठीपुरतें निराळें ठेवावें लागतें. ‘ॲ’ या अक्षरास तर युनिकोडांत स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें. तत्पूर्वीं तें इतर चिन्हांच्या जोडणीनें भागवावें लागे.

पारिभाषिक शब्दांचेंहि असेंच. एकाच आज्ञेस एका भाषांतरकारानें ‘जतन’, दुसऱ्यानें ‘साठवण’ व तिसऱ्यानें ‘संचय’ म्हणावें, यानें वाचक गोंधळतो. हा घोळ मिटविण्याकरितां रेड हॅट कंपनींतील भाषांतरकारांच्या पुढाकारानें २००८ सालीं ‘फ्युएल’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. नेहमीं लागणाऱ्या शब्दांची यादी करून प्रत्येक भाषेच्या जाणकारांनीं एकत्र बसून प्रतिशब्द ठरवावे, असें त्याचें धोरण. रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाची आठवण यावी असाच हा उद्योग आहे. संगणकास आज्ञा देण्याची विद्या प्रस्तुत लेखकास अवगत नाहीं. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलें. परंतु वर सांगितलेल्या कामांत ती विद्या लागत नाहीं. शब्दाची पारख लागते.

(६) मोडीची स्थिति

मोडी लिपि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जात असे. पुढें तिचे वाचक झपाट्यानें घटले, आणि आज कोट्यवधि कागदांस मोजके वाचक अशी अवस्था आहे. आधीं ओळभर रेघ ओढावी, मग हात न उचलतां बोरू चालवावा, शब्द तोडूं नयेत, ऱ्हस्वदीर्घाकडे बहुधा पाहूं नये, ही त्या लेखनाची चाल येथील वाचकांस सांगणें नको.

या लिपीस युनिकोडांत स्थान मिळालें तें अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत इतिहासाचें अध्ययन करणारे अंशुमान पांडे यांच्या परिश्रमानें. त्यांनीं २०११ सालीं मोडीचा सविस्तर प्रस्ताव सादर केला. अशा प्रस्तावांत अक्षराचें अस्तित्व, त्याचीं रूपें व त्याचा उपयोग हीं मूळ लेखांच्या नमुन्यांनीं सिद्ध करावीं लागतात. म्हणजे प्रस्ताव तांत्रिक असला तरी त्याचा पाया पुराभिलेखाचाच. जून २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत मोडीचीं ७९ चिन्हें दाखल झालीं. पुढें ‘नोटो’ या मुक्त अक्षरसंचमालेंत मोडीचा अक्षरसंच आला. आज मोडी मजकूर मोडींतच टंकित करून कोणासहि पाठवितां येतो.

परंतु येथें भ्रम होऊं नये. चिन्हास स्थान मिळालें. कागद वाचणारें यंत्र मिळालें असें नाहीं. छापील अक्षर ओळखणारी ‘टेसरॅक्ट’ नांवाची आज्ञावली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत तयार झाली व २००५ सालीं मुक्त झाली. तिच्या भाषासंचांत मराठी आहे, संस्कृतहि आहे. राजवाड्यांच्या खंडांसारखे बाळबोध ग्रंथ वाचण्यास तिचें साहाय्य होतें. मोडीचा संच मात्र तींत नाहीं. कारण उघड आहे. असें यंत्र व्याकरण शिकत नाहीं. ओळीचें चित्र व त्या ओळीचा शुद्ध पाठ अशा जोड्या हजारोंनीं पुढें ठेविल्या म्हणजे तें त्यांवरून ओळखावयास शिकतें. बाळबोध छपाईच्या जोड्या विपुल आहेत. मोडीच्या जोड्या करूं शकणारे लोक आज्ञावली लिहिणारांत विरळा, आणि जे मोडी वाचतात त्यांस अशा जोड्यांची गरज आहे हेंच कोणी सांगितलेलें नाहीं.

२०२५ सालीं रूडकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं मोडी कागदांचीं २,०४३ चित्रें व त्यांचे देवनागरी पाठ यांचा संग्रह सिद्ध करून त्यावर वाचनयंत्राचा प्रयोग प्रसिद्ध केला. शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन असे तीनहि काळ त्यांत घेतले आहेत. प्रयत्न स्तुत्य आहे. पण शिवकालीन वळणापासून कंपनी सरकारच्या अमदानींतील शिकस्त्यापर्यंत सर्व हातांचा परिचय दोन हजार चित्रांत कसा व्हावा? एकेका फडणिशी कारकुनाचा हात ओळखण्यास आपणांस किती कागद चाळावे लागतात, याचा अनुभव ज्यास आहे त्यास ही संख्या किती तोकडी हें तत्काळ कळेल.

(७) मिरा-भाईंदरचें उदाहरण

ही गोष्ट किती निकडीची आहे हें प्रस्तुत लेखकाच्या गांवावरूनच दाखवितां येईल. मिरा-भाईंदर हें महानगरपालिकेचें नांव २००२ सालचें. पण तिच्या हद्दींतील घोडबंदर, उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, नवघर हीं गांवें जुनीं आहेत. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत घोडबंदर १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आलें. खाडीच्या मुखाशीं वसईसमोर असलेलें धारावीचें ठाणें १७३९ सालीं पडलें. आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसईची शरणागति झाली. या मोहिमेचे निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तराच्या १६ व्या भागांत प्रसिद्ध केले.

ते कागद वाचूं लागतांच नांवांचा प्रश्न उभा राहतो. मुंबईकरास धारावी म्हटली म्हणजे माहीमजवळची धारावी आठवते. मोहिमेंतील धारावी ती नव्हे, उत्तन-डोंगरीकडील बेटावरची. दुसरें उदाहरण याहून घातक आहे. इंग्रजींत ‘वर्सोवा’ या एकाच लेखनानें दोन गांवें दर्शविलीं जातात : अंधेरीच्या पश्चिमेस समुद्रकांठचें वेसावें, जेथें किल्ला आहे व ज्याचा मोहिमेशीं संबंध आहे, आणि घोडबंदरजवळ खाडीवरील पुलाशीं असलेलें वरसावें. दोन्ही गांवें एकाच प्रदेशांत, दोन्ही पाण्याकांठीं. इंग्रजी नकाशावर विसंबून वाचणाऱ्या अभ्यासकानें वेसाव्यावर चाललेली फौज वरसाव्यास नेऊन उभी केली, तर त्यास दोष कोणी द्यावा?

इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं २००४ सालीं ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नांवाचा मुक्त नकाशा सुरू केला. तो स्वयंसेवकांनींच भरावयाचा असतो. त्यांत प्रत्येक स्थळास मराठी नांव निराळें देतां येतें, जुनें नांवहि नोंदवितां येतें. ज्यानें मोहिमेचे कागद वाचले आहेत अशा एका मनुष्यानें एक दुपार बसून आपल्या पंचक्रोशींतील गांवें, पाडे, मिठागरें, बुरूज व देवळें यांचीं खरीं नांवें त्यांत भरलीं, तर तो नकाशा वापरणाऱ्या सर्व आज्ञावलींत तीं जाऊन पोंचतात. हें काम तंत्रज्ञास करतां येणार नाहीं. कारण वेसावें व वरसावें यांतला भेद त्याला कोणी सांगितलेला नाहीं.

(८) शंका व समाधान

संग्राहकांच्या मनांत येथें तीन शंका येतील, आणि त्या अवास्तव नाहींत.

पहिली शंका श्रेयाची. वडिलांनीं किंवा आजोबांनीं गांवोगांव फिरून मिळविलेले कागद उघडे केले तर नांव दुसऱ्याचें होईल. यावर सांगावयाचें तें असें कीं, बंद रुमालास श्रेय मुळींच नाहीं. मुक्त परवान्यांत कर्त्याचें नांव टिकविण्याची अट घालतां येते, आणि दुरुस्त्यांच्या नोंदींत पहिला वाचक कोण हें तारखेनिशीं कायम राहतें. खासगी पत्रव्यवहारानें पाठविलेल्या नकलांत श्रेय किती वेळां बुडालें आहे, हें जुन्या संशोधकांचे वाद ज्यांनीं वाचले आहेत त्यांस ठाऊक आहेच.

दुसरी शंका अशी कीं, निर्वेतन श्रमावर धनिक कंपन्या नफा मिळवितील. त्या मिळवितात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. म्हणूनच परवाना निवडतांना विचार करावा. सुधारलेली प्रत त्याच अटींवर पुढें दिली पाहिजे असें बंधन घालणारे परवाने आज्ञावलीसाठीं आहेत, तसे ग्रंथ व चित्रें यांसाठींहि आहेत. शिवाय, पुष्कळ सामग्री कायद्यानेंच मोकळी झाली आहे. राजवाडे १९२६ सालीं निवर्तले; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं हक्क संपतो हा भारतीय कायदा त्यांच्या ग्रंथांस केव्हांच लागू झाला. पेशवे दप्तर हें सरकारी प्रकाशन, १९३० ते १९३४ या काळचें. सरकारी प्रकाशनाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनीं संपतो, म्हणून तेंहि मोकळें आहे. हे खंड मराठी विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयांत उतरण्यास कोणाची मिनतवारी नको. तेथें एका बाजूस पानाचें चित्र, दुसऱ्या बाजूस पाठ. एकानें तपासल्यावर पान पिवळें होतें, व दुसऱ्या निराळ्या वाचकानें पुन्हा तपासल्याशिवाय हिरवें होत नाहीं.

तिसरी शंका सर्वांत गंभीर, ती बनावटीची. कोणींहि यावें व दुरुस्ती करावी असें असल्यास दुष्टानेंहि येऊं नये कशावरून? तसें घडलें आहे. ‘एक्सझेड’ नांवाची, माहिती दाबून लहान करणारी एक आज्ञावली जगांतील असंख्य यंत्रांत आहे, आणि तिचा भार मुख्यतः एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. एका टोपण नांवाच्या मनुष्यानें दोनएक वर्षें खरोखर उपयुक्त मदत करून विश्वास मिळविला, आणि शेवटीं तींत चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्यें आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एका यंत्राशीं जोडणी होण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, असें दिसलें. त्यानें कारण शोधलें आणि कट उघडा पडला. बनावट सनद ओळखणाऱ्या संशोधकाची हीच रीत : शिक्का ठीक, मायना ठीक, पण तिथीचा वार जुळत नाहीं, मग तेवढ्या धाग्यावरून सर्व उकलतें. मूळ रूप उघडें होतें म्हणून धागा पाहिल्यावर तो ओढतां आला. यावरून दोन धडे मिळतात. उघडें असणें म्हणजे सुरक्षित असणें नव्हे, पाहणारा डोळा पाहिजे. आणि सर्व भार एकावर टाकून इतरांनीं फुकट लाभ घेत बसणें हेंच बनावटीस आमंत्रण होय.

(९) विनंती

यास्तव संग्राहक मित्रांस एक मर्यादित सूचना करावीशी वाटते. आपले सर्व दप्तर उघडें करावें असें म्हणणें नाहीं. प्रत्येकानें आपल्या संग्रहांतील, स्वतः निश्चितपणें वाचलेले, दहा कागद निवडावे. त्यांचीं स्वच्छ चित्रें घ्यावीं. चित्रांतील ओळीगणिक बाळबोध पाठ लिहावा. मूळांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारूं नये, कारण यंत्रास काय लिहिलें आहे तें शिकवावयाचें आहे, काय लिहावयास हवें होतें तें नव्हे. शब्दांची तोड केलेला पाठ हवा असल्यास निराळा द्यावा. संशयित अक्षर चौकटी कंसांत घालावें, आणि फाटलेल्या जागीं अंदाज लिहूं नये. शेवटीं कागदाचा काळ, ठाव, वाचणाराचें नांव व परवाना हीं चार कलमें जुन्या पुष्पिकेप्रमाणें नोंदवावीं. अशीं शंभर माणसें पुढें आलीं तर हजार कागद होतील, आणि तेहि एका हातचे नव्हे, शंभर दप्तरांतले, नाना वळणांचे. यंत्रास वैविध्याचीच गरज आहे.

त्या यंत्रानें मोडीवाचकाची जागा घ्यावी अशी अपेक्षा कोणी धरूं नये. तें चुका करील, कांहीं चुका हास्यास्पद करील. पण हजारों रुमालांतून घोडबंदर किंवा धारावी हें नांव ज्या पांच कागदांत आहे ते शोधून पुढें ठेवणें एवढें जरी तें करूं लागलें, तरी एका संशोधकाचें अर्धें आयुष्य वांचेल. उरलेलें वाचन आपलेंच आहे. मोडी जाणणारे जे वयोवृद्ध आज आपल्यांत आहेत, त्यांचे डोळे चालत आहेत तोंवर हे दहा दहा कागद लिहून झाले पाहिजेत.